चौथ्या घराला भिंती नाहीत

माझ्याकडं सासऱ्यांच्या हस्ताक्षरातली एक नोंदवही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, सरकारी कचेरीत असते तशी. पहिल्या पानावर पट्टीनं रेघ मारून मथळा लिहिलाय, 'खेळातील दोषांचा पंचनामा', आणि त्याखाली पहिली नोंद: 'गाव परदेशी, नाव कळले नाही. मुख्य रस्त्याने जाताना डावीकडून चौथे घर. छत जागेवर. भिंती नाहीत. आत सामान नाही, माणूस नाही. राहण्यास अयोग्य.' खाली सही. सहीखाली 'निवृत्त ओव्हरसियर'.

हे गाव एका कॉम्प्युटर गेममधलं. लाल मोटार घ्यायची आणि त्या गावातून सुसाट पळवायची, एवढाच खेळ. आमच्या जुनाट कॉम्प्युटरला तो झेपत नव्हता. घरांच्या भिंती गायब व्हायच्या, रस्त्यात मधेच हिरवे-जांभळे त्रिकोण उगवायचे आणि शेवटी सगळं ठप्प व्हायचं. दुसरा कुणी असता तर त्यानं गेम काढून टाकला असता. माझ्या सासऱ्यांनी पंचनामा केला.

हे असं का झालं ते सांगायचं तर माझ्या लग्नापासून सुरुवात करावी लागते, आणि तो विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं.

मी नांदेडची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून तिथंच एका क्लासात शिकवत होते. स्थळ आलं लातूरचं. मुलगा फिजिक्सचे क्लास घेणारा, वडील बांधकाम खात्यातून निवृत्त, स्वतःचं पक्कं पाच खोल्यांचं घर. त्या दिवसांत लातुरात जो तो कशाचा तरी क्लास घेत होता, आणि उरलेले लोक क्लासला आलेल्या पोरांना खोल्या भाड्यानं देत होते. आमच्याकडं दोन्ही चालू होतं. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

वरातीच्या गाडीतून उतरले, दारात आले, माप ओलांडायला पाय उचलला आणि बघते तर माप ठेवलेलं पत्र्याच्या शेडच्या दारात. समोर पक्कं घर दिमाखात उभं. त्याच्या प्रत्येक खिडकीत हातात पुस्तक धरलेली दोन-दोन पोरं नव्या नवरीकडं बघत होती. मला वाटलं, काही विधी असेल. विधी नव्हता. घरचे लोक शेडमध्येच राहत होते. पाचही खोल्या पोरांना दिलेल्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, नवरा दादा. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या. घरात मामा, नवरा आणि मी, आणि नवरा पहाटेपासून क्लासवर, म्हणजे मामा आणि मीच. ते घर मामांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधलेलं. जिथं खांबाला चार लोखंडी गज पुरतात तिथं त्यांनी सहा घातले होते. उदगीर, भोकरकडून पोराला सोडायला आलेले बाप विचारायचे, "साहेब, घर मजबूत हाय ना?" मामा खांबावर थाप मारून म्हणायचे, "हत्ती बांधा." आणि मग चपला घालून शेडमध्ये येऊन बसायचे. स्लॅबखाली ते पाऊल टाकत नसत. भाडं मागायचं तरी खिडकीतून हाक मारायचे.

भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं उलटली होती. बाकी लातूर केव्हाच घरात झोपायला लागलं होतं. मामा तेवढे राहिले होते. याचं कारण त्यांनी मला एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

भूकंपानंतर त्यांची नेमणूक खेड्यांतली घरं तपासायला झाली होती. भिंतीला हात लावायचा, हातोडीचे दोन ठोके मारायचे आणि रकान्यात लिहायचं: पडलेलं, तडकलेलं, नाहीतर राहण्यास योग्य. एका गावात एका म्हाताऱ्याचं घर खरंच धड होतं. मामांनी तसं लिहिलं. म्हातारा अंगणातून हलेना. म्हणाला, "साहेब, तुमी म्हणता तर असंल. पर मंग तुमी झोपून दावा की आत." मामा म्हणाले, मला अजून दोन गावं करायची आहेत, आणि मी माझ्या घरात आतच झोपतो. हे खोटं होतं. तेव्हा सगळं लातूर रस्त्यावर झोपत होतं, मामाही. तो म्हातारा 'बरं' म्हणून आत गेला. त्याला काही झालं नाही, घर आजही उभं आहे. पण निदान बोललेलं खरं करावं म्हणून मामा घरी येऊन आत जाऊन आडवे झाले आणि पाच मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर आले. त्यानंतर आठवडाभरात शेड उभं राहिलं.

"डोक्याला ठाऊक हाय गं सगळं," ते म्हणाले. "पायाला पटंना."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. दुसऱ्यांची पोरं स्लॅबखाली आणि आपण पत्र्याखाली, या हिशेबानं अंगाची लाही व्हायची. वर शेडमधल्या फळीवर सात स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचून ठेवलेले. जमीन हलली तर ते पडून आवाज व्हावा म्हणून. तशी उतरंड एकेकाळी लातुरात घरोघरी होती. आमच्याकडं ती रोज सकाळी पुसून नव्यानं रचली जायची. एकदा मांजरीनं ती पाडली तेव्हा तीन गल्ल्या रस्त्यावर आल्या होत्या.

कॉम्प्युटर माझा. नांदेडच्या क्लासनं तो धर्माबादच्या एका मिरचीच्या अडत्याकडून जुना घेतला होता आणि मी नोकरी सोडताना मला देऊन टाकला. पहिल्यांदा कॅबिनेट उघडलं तेव्हा आत बोटभर लाल पूड होती. मी शिंकले, मामा शिंकले, खिडकीत डोकावणारी पोरं शिंकली. तो गेम अडत्याच्या दुकानातच कुणीतरी घालून ठेवलेला. मला मशीन हवं होतं नवऱ्याच्या प्रश्नपत्रिका छापायला. पण मामा निवृत्त माणूस, दिवसभर माझ्या मागं. भाजीला फोडणी घातली की "तेल जास्त झालं", लाटणं उचललं की "कणीक सैल हाय". एक दिवस मी त्यांना खुर्चीत बसवलं, हात कीबोर्डवर ठेवले आणि गेम लावून दिला. निदान स्वयंपाकघरातली तपासणी थांबली.

मामा शर्यतीत उतरलेच नाहीत. मागून येणाऱ्या गाड्यांना वाट द्यायचे आणि बैलगाडीच्या चालीनं रस्त्याच्या कडेनं जायचे. घरं बघायचे. तिसऱ्या दिवशी मला हाक आली.

"पोरी, चौथ्या घराला भिंती न्हाईत."

"मामा, मशीनमधलं चित्राचं कार्ड जुनं आहे. चित्र नीट काढत नाही."

"छत कशावर उभं हाय मंग?"

मी म्हटलं, कशावरच नाही, ते खोटं आहे. त्यांना ते पटलं नाही. खोटं असलं तरी छताला आधार पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्याच संध्याकाळी त्यांनी बाजारातून ती लाल नोंदवही आणली.

मग आम्ही मशीनच्या दुरुस्तीला लागलो. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. खोडरबर हवं म्हटल्यावर पोरांनी खिडकीतून नऊ दिली. त्यानं मशीन चालू व्हायला कुरकुर करायचं थांबलं, भिंती काही आल्या नाहीत. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. गल्लीतले वायरमन चाचा आले. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अमलात लातुरात पहिल्यांदा वायरी ओढल्या, असं ते सांगायचे. त्यांनी टेस्टर लावला आणि म्हणाले, "अर्थिंग नाही साहेब. खड्डा खांदावा लागतो. कोळसा, मीठ घालायचं, मशीन जमिनीला जोडायचं."

मामांनी पायाखाली बघितलं. "ह्या जमिनीला?"

"दुसरी कुठली हाय?"

"ती कवा गप बसंल ह्याची गॅरंटी न्हाई, आन् तिला मशीन जोडता?"

चाचा म्हणाले, "साहेब, सगळी दुनिया तिलाच जोडलेली हाय." खड्ड्याला परवानगी मिळाली, पण कुंपणाच्या पार कोपऱ्यात, घरापासून आणि शेडपासून सारखाच लांब. झिणझिण्या थांबल्या. भिंती नाही आल्या.

मार्च लागला तसं पत्र्याखाली मशीन तापायला लागलं. मी कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लावला आणि कपडे वाळत घालायला बाहेर गेले. दोरीवर पहिलंच लुगडं टाकते तोवर आतून मामा ओरडले, "हाललं. हाललं. भाईर निघा."

पाच खोल्यांतली सगळी पोरं धाडधाड रस्त्यावर आली. एकाच्या अंगावर फक्त टॉवेल, पण हातात केमिस्ट्रीचं पुस्तक. शेजारचे आले, समोरचे आले, चाचा पक्कड घेऊन आले. अर्धा तास सगळे उन्हात उभे. कुणालाच काही जाणवलं नव्हतं. मामा म्हणत होते, पडद्यावरचं आख्खं गाव माझ्या डोळ्यादेखत थरथरत होतं. मी आत जाऊन बघितलं. सातही पेले जागेवर. गाव मात्र खरंच थरथरत होतं. मी पंखा बंद केला. गाव थांबलं. पंखा लावला. थरथरलं. पंख्याची मोटार मॉनिटरला इतकी चिकटलेली की तिच्या चुंबकानं चित्र हलत होतं.

मामांनी सगळ्यांना रांगेत आत बोलावून पंखा चालू-बंद करून दाखवला. कुणी चिडलं नाही, उलट पोरांनी पुन्हा पुन्हा दाखवायला लावलं. नोंदवहीत त्या दिवसाची नोंद आहे: 'पंख्यामुळे गाव हालते. जमिनीचा दोष नाही.' त्याखाली दोनदा अधोरेखित केलेली ओळ: 'आधी पेले पाहावेत, मग ओरडावे.'

तेव्हा मला आठवा महिना लागला होता. बाळंतपण नांदेडला, भर उन्हाळ्यात. जायच्या आदल्या दिवशी मी विषय काढला. म्हटलं, "मामा, बाळाला घेऊन मी या पत्र्याखाली येणार नाही. मेमध्ये इथं अंडं ठेवलं तर उकडेल. एक खोली रिकामी करा."

"लेकरू स्लॅबखाली न्हाई जाणार," मामा म्हणाले.

"मग मी येत नाही."

"मंग नको येऊ."

दोघंही खरं बोललो होतो. नवऱ्याकडं बघितलं. हा माणूस दिवसभर दोनशे पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवतो, घरात विचारलं तर म्हणतो, "बघू, अजून वेळ आहे." मी पिशव्या भरल्या आणि एस.टी.त बसले. अहमदपूर येईस्तोवर रडले. लोह्याला चहा घेतला तेव्हा जरा बरं वाटलं. पण शब्द मागं घ्यायचा विचार मनात आला नाही. माझं लेकरू कुठल्या छताखाली वाढणार, एवढंच मला ठरवायचं होतं, आणि ते ठरत नव्हतं.

आठ दिवसांनी मामांचा फोन आला. मी आत पडलेली होते. फोन माझ्या आईनं घेतला. मामा कधी 'हॅलो, कसे आहात' म्हणत नाहीत, थेट अहवाल देतात. म्हणाले, "आज डावीकडची चारी घरं गेली. भिंत एक राहिली न्हाई. रस्त्यात माणूस न्हाई. मी एकलाच गाडी घेऊन हिंडून राहिलो."

आई तिथंच भिंतीला टेकून बसली. भूकंपाच्या वेळी नांदेडहून भाकरी पाठवलेल्या हातांचं हे घर. मी उठून बाहेर येईपर्यंत वडिलांनी जीप सांगितली होती, शेजारणीनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं आणि दारात चार घोंगड्या येऊन पडल्या होत्या. मी फोन घेतला.

"मामा, कुठलं घर?"

"तेच की. चौथं. आन् त्याच्या शेजारची तीन."

मी सगळ्यांना सांगितलं की ते कॉम्प्युटरमधलं गाव आहे. वडील म्हणाले, मग माणसं का नाहीत त्यात? आईनं संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला धरला. भाकरी मात्र झाल्याच होत्या, त्या आम्ही दोन दिवस खाल्ल्या.

त्यानंतर मामांचा रोज फोन. शेडचा किंवा खोलीचा विषय दोघंही काढत नव्हतो, फक्त भिंतींचा. मी माझ्या जुन्या क्लासात जाऊन विचारलं. तिथल्या सरांनी सांगितलं, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आत एक पट्टी असते. तिच्यावरचा खटका उजवीकडं असला की चित्र काढायचं काम ते कार्ड करतं. डावीकडं सारला की कार्डाला रजा, सगळं काम मशीन स्वतः करतं. सावकाश करतं पण नीट करतं. मी ते फोनवर मामांना शिकवायला बसले. कंट्रोल पॅनेल, डिस्प्ले, मग पुढचं बटण, मग त्याच्या पुढचं. त्यांना प्रत्येक पायरीला कारण हवं.

"म्हंजे असं का," शेवटी ते म्हणाले, "तो खांब कच्चा हाय, म्हणून त्याच्यावरला भार काढून ह्या भिंतीवर घ्यायचा."

"हो मामा. अगदी तसंच."

"मंग आधी सांगायचं की."

तासाभरानं पुन्हा फोन. "सगळी घरं उभी हायत," मामा म्हणाले. मला वाटलं, खूश असतील. आवाज तसा नव्हता. "मी गाडी दारापर्यंत नेली. दारं उघडत न्हाईत."

"ती नुसती रंगवलेली असतात, मामा."

"हाव," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

भिंती आल्या तरी मशीन अधूनमधून बंद पडतच होतं. मी म्हटलं, वेळा वाचून दाखवा. त्यांनी नोंदवही उघडून वाचल्या. सोमवारी दुपारी साडेबारा, मंगळवारी पाऊण, बुधवारी पुन्हा साडेबारा. सकाळची एकही नाही. मी सावकाश म्हटलं, "मामा, दोष मशीनचा नाही. पत्रा तापतो. परीक्षा झाल्यात, पोरं गावाकडं गेलीत. आतली खोली थंड असते. मशीन आत न्या."

पलीकडं वही मिटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बघतो." आणि फोन यायचे थांबले.

मुलगी झाली. नवरा बघायला आला. मी विचारलं, खोलीचं काय झालं? तो बाळाच्या बोटांकडं बघत म्हणाला, "दादांनी काहीतरी केलंय. ते तूच येऊन बघ." मी सव्वा महिना धुमसत काढला आणि निघाले. न जायचं ठरवणं सोपं असतं, मुलीच्या बापाला आणि आजोबाला तिच्यापासून तोडणं मला जमलं नाही. खोली रिकामी नसेल तर आल्या पावली परत यायचं, तेवढं मनाशी ठरवलं.

फाटक उघडलं. मशीन आतल्या खोलीत होतं. टेबल, मॉनिटर, कॅबिनेट, सगळं स्लॅबखाली गार. मॉनिटरचं तोंड खिडकीकडं. खिडकीतून एक लांब वायर बाहेर आलेली, चाचांनी जोड देऊन वाढवलेली, आणि तिच्या टोकाला कीबोर्ड. कीबोर्ड मामांच्या मांडीवर. मामा बाहेर लिंबाखाली खुर्चीत, डोक्याला ओलं उपरणं. शेजारी तिकाट्यावर, नोकरीत जमिनीची पातळी बघायची ती त्यांची जुनी लेव्हलची दुर्बीण, कारण एवढ्या लांबून पडद्यावरचे आकडे दिसत नव्हते. त्या जुन्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, पण उभ्या हयातीत त्यांनी उलटंच वाचलेलं.

"मशीन आत नेलं का न्हाई?" मामा म्हणाले. "एकदा सुद्धा बंद पडलं न्हाई."

नातीला त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, टाळूचा वास घेतला, आणि शेडमध्ये वाळ्याचे पडदे लावून पाळणा बांधलाय ते दाखवलं. पडदे छान होते. आत भट्टी होती. दुपारी मी बाळाला उचललं, सरळ आतल्या खोलीत नेलं आणि टेबलाशेजारी दुपट्यावर निजवलं.

खिडकीत मामा. "पोरी, लेकरू भाईर आण."

"झोपलंय ते."

ते गेले आणि सात पेले घेऊन आले. गजांमधून एकेक माझ्या हातात दिला आणि कोपऱ्यात कसे रचायचे ते सांगितलं. मग खुर्चीत बसले आणि दुर्बीण पडद्यावरून काढून बाळावर लावली. असं चार दिवस चाललं. मी आत, बाळ आत, आजोबा बाहेर लिंबाखाली, सख्ख्या नातीला दुर्बिणीतून उलटी बघत. नवरा म्हणाला, "होईल सवय." मला ते बघवेना.

पाचव्या दिवशी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. दुपारच्या खेळाआधी मी मशीनशी बसले आणि पट्टीवरचा खटका पुन्हा उजवीकडं सारला. त्यानं काय होणार हे मला पाठ होतं. आधी भिंती जातात. मग दहा-पंधरा मिनिटांत चित्र गोठतं, आणि गोठताना जो आवाज चालू असेल तोच घरघरत राहतो. तेव्हा कीबोर्ड मेलेला असतो. कॅबिनेटवरचं बटण दाबल्याशिवाय तो आवाज थांबत नाही, आणि कॅबिनेट आत होतं. मी मामांना म्हटलं, आंघोळीला जाते, लक्ष ठेवा. मोरीत गेले, बादलीखाली नळ सोडला आणि दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिले.

मामांनी गाडी काढली. थोड्या वेळानं त्यांची मान पुढं झाली. भिंती गेल्या असणार. मग गाडीचा घुर्रर्र असा एकच आवाज अडकला आणि थांबेना. बाळ दचकून उठलं आणि टाहो फोडला. मामांनी कीबोर्डवरची सगळी बटणं दाबली. "पोरी," त्यांनी हाक मारली. मग मोठ्यानं, "अगं पोरी." मग चाचांना हाक. चाचा त्या वेळी कामावर. बादली भरून वाहायला लागली. माझे पाय बाहेर पळायला बघत होते, मी मोरीचा कठडा घट्ट धरून ठेवला. आई म्हणून ती दोन मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

मग घुर्रर्र थांबलं. मग रडणंही थांबलं.

मी बाहेर आले तर खुर्ची रिकामी, कीबोर्ड खाली पडलेला. दारातून बघितलं. मामा फरशीवर भिंतीला पाठ लावून बसलेले, नात मांडीवर, एक तळवा भिंतीवर सपाट टेकलेला. घामानं सदरा भिजलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझे केस कोरडे होते.

"तुझं मशीन पुन्हा बिघडलं," ते म्हणाले.

"हो मामा. बघते."

"आता नको. झोपायली ती." मग म्हणाले, "माझी वही दे. आन् हातोडी."

मी दोन्ही दिलं आणि स्वयंपाकाला म्हणून शेडमध्ये गेले. भिंतीवर हळूहळू ठोके पडत होते, दोन-दोन, बाळ उठणार नाही असे. चारही भिंतींचे आठ मोजले. मग ठोके थांबले. तीनच्या सुमाराला मी चहा टाकायच्या आधी डोकावले. मामा दुपट्याशेजारी उताणे पडलेले, तोंड उघडं, घोरत होते. छातीवर नोंदवही उघडी. मी वाकून वाचलं: 'लातूर. स्वतःचे घर. आतली खोली. छत जागेवर. भिंती चारही जागेवर. सामान: कॉम्प्युटर एक, बंद. माणसे दोन.' पुढं अभिप्रायाची जागा कोरी होती. सहीही नव्हती. मी पाय न वाजवता बाहेर आले.

पाचला ते उठले, तोंड धुतलं, चहाचा कप घेऊन जरा वेळ मशीनशी बसले आणि मग पाळण्याच्या दोऱ्या शेडमधून सोडायला गेले. वही टेबलावर होती. मी गेले आणि उघडली. कोऱ्या जागेत आता तीन ओळी होत्या, खाली सही, आणि सहीखाली हुद्दा.

'मशीन बंद पडण्याचे कारण: पट्टीवरचा खटका उजवीकडे आढळला. चौकशीची गरज नाही.

घर राहण्यास योग्य.

तपासणाऱ्याने स्वतः झोपून पाहिले.'